प्रवाळाचा दिवा, आपल्या बजेटमधला



गेल्या वेळी खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या माशांबद्दल लिहिलं, तेव्हा दोघातिघांनी एकच प्रश्न विचारला. "मासे ठीक आहेत, पण प्रवाळ ठेवायचे तर दिवा कोणता घ्यायचा? आणि तो परवडतो का?"

उत्तर एका ओळीत देता येतं: हो, परवडतो. पण मला हे उत्तर मिळायला दीड वर्ष, दोन चुकीचे निर्णय आणि एक मेलेलं प्रवाळ इतका खर्च आला. तुमचा तो वाचावा म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आमच्या घरात प्रवाळ म्हटलं की आजीच्या बोटातली पोवळ्याची अंगठी आठवते. मंगळाचा खडा. ते जिवंत असतं, खातं, वाढतं, हे मला पहिल्यांदा कळलं जामनगरजवळच्या नरारा बेटावर. बडोद्याहून आम्ही सगळे गेलो होतो: आई-बाबा, ताई, भावजी आणि तेव्हा आठ वर्षांची भाची. कच्छच्या आखातातला हा भाग मरीन नॅशनल पार्कमध्ये येतो. 1982 साली घोषित झालेलं हे देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. ओहोटीला पाणी मागे सरकतं आणि गुडघाभर पाण्यातून चालत चालत जिवंत प्रवाळ बघता येतात. बोटीची, पाणबुड्याच्या वेशाची गरज नाही. सोबतचा वाटाड्या एकसारखा बजावत होता, कशावर पाय देऊ नका, काही उचलू नका. भाची वाकून वाकून बघत होती. परतताना गाडीत म्हणाली, "मामा, आपल्या टाकीत एक आणू या ना."

तिथून आणता येत नाही, हे तिला समजावलं. पण किडा माझ्याच डोक्यात शिरला.

पहिली चूक: डोळ्यांवर विश्वास

टाकी घरात होतीच. अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साधारण दीडशे लिटर. अहमदाबादच्या एका मित्राने त्याच्या टाकीत वाढलेल्या लेदर प्रवाळाचा एक तुकडा कापून दिला. लेदर म्हणजे मऊ प्रवाळ, दिसायला छत्रीसारखं, वर बारीक बारीक बोटं हलत असतात. टाकीवर गोड्या पाण्यासाठीची पांढरी एलईडी पट्टी होती. खोलीभर लख्ख उजेड पडायचा. मला वाटलं, एवढा उजेड म्हणजे पुष्कळ झाला.

दोन आठवड्यांत ते प्रवाळ तपकिरी पडलं आणि उघडेनासं झालं. का, ते नंतर वाचून कळलं.

प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. भाडेकरूच म्हणा. हे शैवाल उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं घरमालकाला, म्हणजे प्रवाळाला, देतं. उजेड कमी पडला की शैवालाची दाटी वाढते आणि प्रवाळ तपकिरी दिसू लागतं. आता गंमत अशी, की समुद्राच्या पाण्यात लाल रंगाचा उजेड पहिल्या काही मीटरमध्येच शोषला जातो. खोलवर पोचतो तो निळा. त्यामुळे या शैवालाला निळा उजेड उत्तम वापरता येतो. आपले डोळे मात्र हिरव्या-पिवळ्या उजेडाला सर्वात जास्त दाद देतात. खोक्यावर छापलेले 'लुमेन' हे माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने मोजलेले असतात. म्हणजे ज्या उजेडावर प्रवाळ जगतं, त्याचं मोल लुमेनच्या आकड्यात फारच कमी धरलं जातं.

प्रवाळासाठीचा आकडा वेगळा आहे, त्याचं नाव 'पार'. 400 ते 700 नॅनोमीटर लांबीच्या लहरींमधले प्रकाशकण दर सेकंदाला एक चौरस मीटरवर किती पडतात, ते हा आकडा सांगतो. भर दुपारच्या उन्हात समुद्राच्या पृष्ठभागावर पार 2000 च्या आसपास असतो. मऊ प्रवाळांना साधारण 50 ते 150 पुरतो. दगडी सांगाडा बांधणाऱ्या काही प्रवाळांना 200 ते 350 किंवा त्याहून जास्त लागतो. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

दुसरी चूक: घाई

तपकिरी प्रवाळ बघून मी घाबरलो आणि त्याच रात्री ऑनलाइन ऑर्डर टाकली. काळा चौकोनी डबा, 55 एलईडी, प्रत्येकी 3 वॅट, वर मोठ्या अक्षरात '165 वॅट'. साडेसात हजार रुपये. आईने किंमत विचारली तेव्हा मी दोन हजार कमी सांगितले, हेही इथेच कबूल करून टाकतो.

डबा आला, टांगला, दोन्ही नॉब पूर्ण फिरवले. खिडकीतून निळा प्रकाश बाहेर पडला आणि समोरच्या काकांनी गॅलरीतून हाक मारली, "भाई, आ तो डिस्को छे!" मी खूश. प्रवाळ मात्र अजून उजेडाच्या जवळ जावं म्हणून मी ते दगडाच्या अगदी वरच्या टोकावर, दिव्याच्या बरोबर खाली ठेवलं.

पाचव्या दिवशी ते पांढरं पडायला लागलं. उजेड किंवा उष्णता सोसेनाशी झाली की प्रवाळ आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकून देतं. अंधारातून आलेल्या माणसाला मे महिन्यातल्या दुपारी गच्चीवर उभं करावं, तसं मी त्याला केलं होतं. मी ते खाली सरकवलं, दिवा कमी केला, पाणी बदललं. तिसऱ्या आठवड्यात ते विरघळल्यासारखं झालं आणि मी ते काढून टाकलं.

त्या रविवारी भाची आली. टाकीपाशी गेली, बघितलं आणि विचारलं, "मामा, ते कुठे गेलं?" मी म्हणालो, "आजारी होतं." तिने विचारलं, "तू त्याला डॉक्टरकडे नेलं होतंस?" काय सांगणार? डॉक्टरही मीच होतो आणि आजारही मीच.

वाईट याचं वाटलं, की ही चूक माझ्याच धंद्यातली होती. ऑफिसात आम्ही नवीन व्हर्जन कधीच सगळ्या युजरना एकदम देत नाही. आधी पाच टक्के लोकांना, मग दहा, मध्ये थांबून बघतो. घरी मात्र एका जिवंत प्राण्यावर मी शून्यावरून शंभर टक्के सोडलं होतं.

आधी प्रवाळ ठरवा, मग दिवा

सहा महिने टाकीत फक्त मासे होते. त्या काळात मी जे वाचलं, त्यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट दिव्याबद्दलची नव्हती, कायद्याबद्दलची होती.

आपल्या देशात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. 2001 साली त्याच अनुसूचीत सर्व दगडी प्रवाळ घातले गेले. शिवाय काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखेही. इंटरनेटवरच्या सुंदर टाक्यांमध्ये आपण जे बघून हरखतो, ते ॲक्रोपोरा, मोंटिपोरा, हॅमर, टॉर्च, ब्रेन कोरल, सगळे दगडी प्रवाळांत मोडतात. मला एका विक्रेत्याने फोनवर सहज विचारलं होतं, "हॅमर पाहिजे का? रंग एक नंबर आहे." दुकानात मिळतं म्हणजे चालतं, असं नाही. मी नको म्हटलं. समुद्रातून उचललेले 'जिवंत दगड' म्हणून जे विकतात, तेही बहुतेकदा जुन्या प्रवाळांचे सांगाडे असतात. त्याऐवजी सिरॅमिकचे दगड मिळतात, ते घ्यावेत.

मग उरतात ते मऊ प्रवाळ: मशरूम, झोअँथिड, लेदर. हे त्या यादीत नाहीत. पण तेही समुद्रकिनाऱ्यावरून किंवा उद्यानातून तोडून आणायचे नाहीत. कोणाच्या तरी टाकीत वाढलेला तुकडा घ्यावा, विकत घेतला तर बिल घ्यावं आणि शंका असेल तर वनखात्याकडे विचारावं.

आता ते दोन आकडे आठवा. महागडे दिवे, पन्नास-साठ हजारांचे, कशासाठी लागतात? 200 ते 350 पार मागणाऱ्या दगडी प्रवाळांसाठी. जे आपल्याला ठेवताच येत नाहीत! आपण जे ठेवू शकतो, त्यांना 50 ते 150 पुरतो. म्हणजे दिव्याची अर्धी निवड कायद्यानेच करून टाकली आहे, आणि ती आपल्या खिशाच्या बाजूने आहे. हे लक्षात आलं तेव्हा माझ्या त्या काळ्या डब्याबद्दलचा राग गेला. डबा वाईट नव्हता. तो मला वापरता येत नव्हता.

खरेदी करताना काय बघायचं

ज्यांना दिवा घ्यायचा आहे, त्यांनी या गोष्टी एका कागदावर लिहून घ्या.

वॅटचा आकडा जसाच्या तसा धरू नका. 55 एलईडी गुणिले 3 म्हणून 165 लिहितात, पण प्रत्येक एलईडी पूर्ण क्षमतेने चालवलेला नसतो. मी प्लगमध्ये लावायचं वीज मोजण्याचं छोटं यंत्र लावलं, तेव्हा पूर्ण चालू असताना माझा डबा 110 वॅट घेत होता. एवढेही आपल्या कामासाठी जास्तच आहेत.

निळा आणि पांढरा यांचे नॉब वेगळे हवेत. ही अट सोडू नका. एकाच बटणावर चालणारा, कमी-जास्त न होणारा दिवा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. माझं प्रवाळ दिवा स्वस्त होता म्हणून मेलं नाही, मी तो कमी केला नाही म्हणून मेलं. निळ्यात 450 नॅनोमीटरच्या आसपासचे एलईडी आहेत का ते बघा. 'केल्विन' लिहिलं असेल तर 6500 हा आकडा गोड्या पाण्यातल्या वनस्पतींसाठी ठीक. प्रवाळाच्या टाक्यांवर साधारण 10,000 ते 20,000 चे दिवे लावतात. आकडा जितका मोठा, तितका उजेड निळा.

एलईडीवरचं भिंग 90 ते 120 अंशांचं घ्या. 60 अंशांचं भिंग टॉर्चसारखं एकाच जागी उजेड ओततं. मध्ये प्रवाळ भाजतं आणि कोपऱ्यात उपाशी राहतं.

टाकी लहान असेल, फूट-सव्वा फुटाची, तर एवढ्या मोठ्या डब्याची गरजच नाही. प्रवाळासाठीचा एकच निळा-पांढरा बल्ब वाकणाऱ्या दांड्यावर लावून काम होतं.

आणि सुरक्षा. मीठ आणि वीज यांचं पटत नाही. पाण्याचे तुषार उडून दिव्यावर मिठाचा थर बसतो, तो दर आठवड्याला दिवा बंद करून, ओल्या फडक्याने पुसून काढा. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता खाली टपकेल. त्या लाइनवर 30 मिलिॲम्पियरचा आरसीसीबी नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून आधी तो बसवा, मग दिवा घ्या. दिवा टांगतानाही आधार पक्का हवा. दीडशे लिटर खाऱ्या पाण्यात चालू दिवा पडण्याची कल्पनासुद्धा करू नका.

मोजायचं कसं

पार मोजायचं चांगलं यंत्र दिव्यापेक्षा कितीतरी महाग असतं. ते विकत घेऊ नका. छंद असलेल्यांपैकी कोणाकडे तरी ते असतं, एका दुपारपुरतं मागून आणा. मी अहमदाबादच्या मित्राकडून आणलं. (प्रवाळाचं काय झालं, तेही त्याला तेव्हाच सांगावं लागलं. तो एवढंच म्हणाला, "माझे दोन गेले होते.")

दिवा पाण्यापासून दहा इंचांवर, दोन्ही नॉब पूर्ण. टाकीच्या मधोमध, अर्ध्या खोलीवर आकडा आला 350. दगडाच्या वरच्या टोकावर, जिथे मी ते लेदर ठेवलं होतं, तिथे 500 च्या वर. त्याला 100 पुरला असता.

मग निळा 45 टक्के आणि पांढरा 15 टक्के केला. मधोमध 110, तळाशी 70, कोपऱ्यांत 35. बाबा वहीत आकडे लिहून घेत होते. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला रकाने आखायला काहीही निमित्त पुरतं. त्या वहीतल्या चौकटीवरून आता टाकीतली प्रत्येक जागा ठरते: कोपऱ्यात मशरूम, तळाशी झोअँथिड, मध्ये लेदर.

यंत्र मिळालंच नाही तर? साधं लक्समीटर स्वस्त मिळतं. त्यावरून खरा पार कळत नाही, पण त्याच दिव्याखाली कुठली जागा कुठल्या जागेच्या दुप्पट उजेडात आहे, एवढं नक्की कळतं. मग सुरुवात कमी उजेडाने करा आणि प्रवाळाकडे बघत राहा. तपकिरी पडलं, उजेडाच्या दिशेने ताणलं गेलं, तर कमी पडतोय. फिकट पडलं, आक्रसलं, तर जास्त होतोय. लेदर अधूनमधून काही दिवस मिटून राहतं आणि वरची पातळ कात टाकतं, ते मात्र नेहमीचं आहे. तेव्हा नॉबला हात लावू नका.

आणि वेळ

दुसरा तुकडा आला तेव्हा मी दिवा निळा 20, पांढरा 5 वर आणला. दर रविवारी निळा पाच टक्क्यांनी वाढवायचा, पांढरा दोन-तीन टक्क्यांनी, एवढंच. नॉब फिरवायचं काम भाचीकडे. पाच रविवार लागले. टायमर लावला, दिवसाला नऊ तास. रात्री प्रवाळालाही अंधार लागतो, पाहुणे आले म्हणून अकरा वाजता दिवा लावून दाखवायचा नाही. ही अट पाहुण्यांपेक्षा मलाच पाळायला जड गेली.

विजेचं म्हणाल तर आताच्या सेटिंगला दिवा 40 वॅट घेतो. नऊ तासांचे 0.36 युनिट, महिन्याचे अकरा युनिटच्या आत. आईला हा आकडा खरा सांगितला.

मुलं घरात असतील त्यांच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. काही झोअँथिडांमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये, अतिशय जहाल विष असतं. त्यांना हातमोजे घालूनच हात लावा, डोळ्यांना चष्मा लावा, आणि त्यांचा दगड कधीही उकळू नका किंवा गरम पाण्याने घासू नका. त्या वाफेने माणसं इस्पितळात गेली आहेत. आमच्याकडे भाची नॉब फिरवते, पाण्यात हात घालत नाही. नियम म्हणजे नियम.

दिव्याने सगळं होतं असंही नाही. बडोद्याच्या मे महिन्यात पाणी 24 ते 27 अंशांत ठेवणं हे दिव्यापेक्षा अवघड काम आहे, आणि तिथे खर्चही जास्त होतो. म्हणूनच म्हणतो, दिव्यावर सगळे पैसे घालवू नका.

सहाव्या रविवारी भाचीने नॉबकडे हात नेला, मी म्हटलं, "आता बास, पोचलो आपण." तिने टाकीकडे बघितलं. लेदरची छत्री पूर्ण उघडली होती, सगळी बोटं बाहेर. तिने नाक काचेला लावलं आणि विचारलं, "मामा, हे नरारासारखंच आहे का?"

"नाही गं," मी म्हणालो. "नराराची वेगळी होती. ती तिथेच राहायला हवीत."

"मग परत जाऊ या?"

थंडीत जायचं ठरलंय. ओहोटीच्या वेळा बाबांनी वहीत लिहून ठेवल्या आहेत.

पुढच्या वेळी: उन्हाळ्यात टाकीचं पाणी थंड कसं ठेवायचं, चिलरसह आणि चिलरशिवाय. तुमच्या टाकीची लांबी-रुंदी-उंची कळवलीत तर त्या मापाची उदाहरणं घेता येतील.